अभयदान आणि आसऱ्याचे घर

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी सोहळ्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सवानिमित्त मी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आयुष्य कापडाच्या ताग्यांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत गेले. प्रवचनाचा अधिकार माझा नाही. परंतु दानाच्या चार प्रकारांपैकी एकाविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे काही आहे, आणि त्यात माझ्या नावावर एक जुनी बाकीही आहे. ती समाजापुढे मांडावी, म्हणून उभा राहिलो.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपण लहानपणापासून पाठशाळेत पाठ करीत आलो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हीच गणना थोडी वेगळी येते. तेथे आहार, औषध, उपकरण आणि आवास असे चार भेद सांगितले आहेत. ते विवेचन संयमी जनांच्या वैयावृत्त्याचे आहे, सर्वसामान्य निराश्रितांचे नव्हे, हे मला माहीत आहे. विद्वानांनी माझा कान धरू नये. मला एवढेच जाणवले की, एके ठिकाणी जेथे 'अभय' हा शब्द आहे, तेथे दुसऱ्या ठिकाणी 'आवास' आहे. आसऱ्याला आलेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन शब्द एकमेकांना सोडून राहू शकत नाहीत, असे माझे मत आहे. छप्पर दिले पण त्याखाली रात्री डोळा लागत नसेल, तर आवास दिला असे होत नाही.

आपल्यापैकी अनेकांना वाटेल की, निर्वासित हा विषय दूरदेशीचा आहे. झरीचा आणि त्याचा संबंध काय? परंतु या सभागृहात बसलेल्या कित्येक घरांचे वाडवडील एके काळी निर्वासितच होते. १९४७-४८ चा तो काळ. देश स्वतंत्र झाला, पण आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात अडकून राहिला. कासीम रझवीच्या रझाकारांचा उच्छाद वाढला, तशी मराठवाड्यातील हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून शेजारच्या मुलखात गेली. सोलापूर, नगर, खानदेश आणि वऱ्हाड या सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. पैनगंगेपलीकडचा उमरखेडचा कॅम्प त्यांपैकी एक. सत्याग्रहींचा आणि स्वातंत्र्यसैनिकांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. पोरेबाळे घेऊन निघालेल्या बायाबापड्यांचा मात्र फारसा कोणी लिहिला नाही.

माझे आजोबा दुकानाला कुलूप घालून, बैलगाडीने, बोरी-जिंतूरच्या वाटेने वऱ्हाडात गेले. बरोबर आजी आणि तीन मुले. त्यांतील मधले माझे वडील. एका गावात कापसाच्या एका व्यापाऱ्याने त्यांना आपल्या आवारातील सरकीची खोली राहायला दिली. आजी ही हकीकत सांगे तेव्हा अन्नाविषयी फारसे बोलत नसे. अन्न पुष्कळांनी दिले, असे ती एका वाक्यात आटोपून टाकी. ती बोलायची ती त्या खोलीच्या दाराविषयी. खोली मालाची असल्याने दाराला बाहेरून कडीकोयंडा होता, आतून काहीच नव्हते. पहिल्या दोन रात्री आजोबा दाराला पाठ लावून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थाच्या ते लक्षात आले. त्याने सुतार बोलावून आतल्या बाजूने कडी आणि अडसर बसवून घेतला, बाहेरचा कोयंडा उखडून टाकला आणि त्याचे तुकडे आजोबांच्या हातात दिले. त्याच वेळी त्याने एक गोष्ट बजावली. खोलीच्या भिंतीत सरकी आणि कापसाचे तंतू भरलेले आहेत, आत चिमणीही लावू नका. चूल बाहेर, लिंबाखाली. आपल्याकडे रात्रीभोजनाचा त्याग, तेव्हा दिवस मावळल्यावर चूल पेटवायचीच नव्हती. पण अंधारात राहणे मुलांना जड जाई. मग त्याने अंगणातच एक कंदील खांबाला टांगून दिला. आजी म्हणत असे, "त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले."

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर आमचे कुटुंब झरीला परतले. आपण दरवर्षी मुक्तिदिन अभिमानाने साजरा करतो, आणि केलाच पाहिजे. पण त्याच सप्टेंबरनंतर भीतीने घर बदलले, हेही सत्य आहे. संस्थानात अनेक ठिकाणी सामान्य मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात हिंडून हे नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आमच्या दुकानाच्या किल्ल्या ज्या शिंप्याकडे ठेवल्या होत्या, तो आजोबा परतल्यावर रात्री किल्ल्या द्यायला आला आणि माडीवर राहू द्या म्हणाला. आजोबांनी त्याला तीन रात्री ठेवले, असे माझे काका अभिमानाने सांगत. आजी मात्र म्हणे, एकच रात्र; नंतर भिऊन परभणीला पाठवून दिले. मी आजीचे खरे मानतो. भिणारा माणूसही एक रात्र देऊ शकतो, एवढे मला त्यातून कळले.

आता थोडे दूर जाऊ. इचलकरंजीच्या खरेदीच्या फेरीत कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला मी पुष्कळदा गेलो आहे. कापडाच्या ठोक व्यापाराचे ते मोठे ठिकाण. येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना त्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. पण तेथे भावाची घासाघीस करताना, आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत याची मला कित्येक वर्षे कल्पना नव्हती. हे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात येथे पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. रशियाने १९४० आणि १९४१ मध्ये पोलंडच्या पूर्व भागातून लाखो माणसे सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केली. पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि त्यांतील काही हजार स्त्रिया व मुले इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, ती कथा अनेकांना माहीत आहे. कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची वसाहत त्याहून पुष्कळ मोठी. ती १९४३ मध्ये वसली आणि १९४८ पर्यंत टिकली.

त्या वसाहतीची एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. निर्वासितांना लांबलचक सभागृहात ओळीने झोपवले नव्हते. बराकी होत्या, भिंती साध्या चटयांच्या होत्या; पण प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, स्वतःचे स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी होती. शाळा, चर्च, दवाखाना सर्व होते. खर्च बहुतांशी लंडनमधील पोलिश सरकार करीत होते, म्हणून हे केवळ दान होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जमीन, शेजार आणि बाजार कोल्हापूरकरांचा होता. सैबेरियातून आलेल्या त्या बायांनी ओसरीपुढे फुलझाडे लावली होती. ज्याला उद्या येथून हाकलतील अशी धास्ती असते, तो फुलझाड लावत नाही. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन आदरांजली वाहिली. वळिवड्यातही २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ उभारण्यात आला.

पोलिश कुटुंबे गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. कल्याणच्या लष्करी छावणीतही तेच घडले. सुमारे एक लाख सिंधी निर्वासित तेथे आले आणि १९४९ मध्ये तिचे नाव उल्हासनगर झाले. आजही तेथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर अमुक' असेच म्हणतात. उल्हासनगरचे एक वयोवृद्ध ठोक व्यापारी मला सांगत की, एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहत. पडद्याच्या एका बाजूला बाळंतीण, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह. त्या माणसांनी पापड विकून, कटपीस विकून, आपल्या हिमतीवर बाजारपेठ उभी केली. आपण व्यापारी त्यांच्याकडून धंदा शिकलो, हे कबूल करायला हरकत नाही. तथापि त्या शहरात घर मिळाले तरी घराची सुरक्षितता मागेच राहिली. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने तेथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. नव्वदच्या दशकातील इमारती त्या. घाईने, दाटीने आणि परवानगीची वाट न पाहता वाढलेल्या शहरात असे घडते. निर्वासिताचे घर सुरक्षित झाले की नाही, हे पाहणे पहिल्या वर्षी संपत नाही. सत्तर वर्षांनीही ते उरते.

आता माझ्या बाकीकडे येतो.

हिवाळ्यात आपल्या भागात स्वेटर विकायला येणारे तिबेटी लोक आपण पाहिले आहेत. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून तिबेटी निर्वासित आले. महाराष्ट्रात त्यांची वसाहत गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधजवळ गोठणगाव येथे आहे. १९७२ मध्ये वसली तेव्हा तो भंडारा जिल्हा होता. शेती हा त्यांचा व्यवसाय, पण थंडीचे चार महिने लुधियानाचा माल उधारीवर घेऊन ते गावोगावी जातात.

१९९६ च्या हिवाळ्यात परभणीत काही कापड व्यापाऱ्यांनी या विक्रेत्यांना जागा देऊ नये असा अर्ज केला होता. त्यावर माझी सही होती. आणि त्याच आठवड्यात, अशाच एका कुटुंबाला मी माझे परभणीचे गोदाम भाड्याने दिले, नेहमीच्या दीडपट दराने. अर्जावर सही आणि भाडेपावतीवरही सही. पेन एकच होते. दोन भाऊ, त्यांच्या बायका, एक लहान मुलगी आणि म्हातारी आई अशी ती सहा माणसे. गोदामाच्या मागच्या अर्ध्या भागात माझ्या कापडाच्या गाठी होत्या. त्यांतून चोरी होऊ नये, म्हणून रात्री दहा वाजता माझा नोकर बाहेरून शटर ओढून कुलूप लावी आणि किल्ली माझ्या घरी आणून देई. मागे दार नव्हते. खिडकी होती, तिला पक्के गज. दिव्यासाठी एक वायर मी दिली होती. तिच्यावरच त्यांनी थंडीमुळे विजेची शेगडी जोडली.

डिसेंबरातील एका पहाटे त्या वायरने पेट घेतला. लोकरीचा माल भडकण्याआधी धूर फार करतो, हे आपल्या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही. सहा माणसे आतून शटर बडवीत होती आणि किल्ली माझ्या उशाशी होती. शेजारच्या गोदामाच्या रखवालदाराने पहारीने कुलूप तोडले, म्हणून जीव वाचले. म्हातारीचे दोन्ही हात भाजले. त्यांचा निम्म्याहून अधिक माल जळाला. माझ्या चार गाठी. मी पोहोचलो तेव्हा थोरला भाऊ रस्त्यावर उभा होता. त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "सेठजी, आपका कपड़ा बचा?"

मी आजीचा नातू. आतल्या कडीची गोष्ट ऐकत वाढलेला. आणि मी बाहेरून कुलूप लावले होते.

त्या आगीत त्यांची एक ट्रंक जळाली. तिच्यात पैसे थोडे होते. पण तिबेटी निर्वासिताला भारतात राहण्यासाठी जे नोंदणी प्रमाणपत्र लागते, त्यांपैकी तिघांची प्रमाणपत्रे तिच्यात होती. आपले रेशनकार्ड जळाले तर आपण तहसीलला जातो, गाव आपल्याला ओळखते. त्यांचा कागद जळाला की माणूसच संशयित होतो. पंचनाम्याची प्रत मिळवण्यासाठी मी त्यांच्याबरोबर फिरलो. भाडे परत केले, दवाखान्याचा खर्च केला, लुधियानाच्या व्यापाऱ्याला पत्र लिहून मुदत मागितली. त्याने ती दिलीही. पण हे सर्व कुलूप तुटल्यानंतरचे. जानेवारीत ते निघून गेले. पुढे २००९ साली नवेगावबांधला गेलो असता मुद्दाम गोठणगावला गेलो. पताका पाहिल्या, भाताची खाचरे पाहिली. ते कुटुंब तेथे नव्हते. कोणी कर्नाटकातील वसाहतीकडे गेले म्हणाले.

बंधूंनो, हे सांगण्याचे कारण आपल्या ट्रस्टची धर्मशाळा आहे. महोत्सवानिमित्त तिला रंग द्यायचा ठराव झाला आहे. गेल्या महिन्यात मी तिच्या आठही खोल्या आतून पाहिल्या. वायरिंग पन्नास वर्षांपूर्वीचे, काही ठिकाणी कापडी वेष्टणाचे. गॅसचे सिलिंडर जिन्याखाली, म्हणजे वरच्या चार खोल्यांची एकमेव वाट ज्या जिन्याने जाते त्याच जिन्याखाली. खिडक्यांचे गज सर्व पक्के, एकही उघडणारा नाही. शौचालय अंगणाच्या टोकाला, तेथे दिवा नाही. रात्री एखाद्या लेकीसुनेला जायचे झाले तर पावसाळ्यात विंचू-सापाचे भय आणि एरवी माणसाचे. आणि रखवालदार रात्री दहा वाजता फाटकाला बाहेरून कुलूप लावून किल्ली घरी नेतो. यात्रेकरू एक रात्र राहतात, म्हणून आजवर कोणाला काही वाटले नाही. पण तेही माणसेच आहेत.

माझी सूचना अशी की, रंग पुढच्या वर्षी द्यावा. आधी वायरिंग बदलावे आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारी कळ बसवावी. हा खर्च मी करीन. सिलिंडर बाहेर, जाळीच्या कपाटात न्यावे, त्याची नळी मुदत संपताच बदलावी. प्रत्येक मजल्यावर एका खिडकीचा गज आतून उघडणारा असावा. प्रत्येक दाराला आतून कडी, आणि फाटकाची एक किल्ली काचेच्या पेटीत आतल्या भिंतीवर. वाळूच्या दोन बादल्या. ११२, १०१, १०८ आणि गॅसगळतीसाठी १९०६ हे क्रमांक मराठीबरोबर हिंदीतही मोठ्या अक्षरांत लिहावेत. आणि वाचता न येणाऱ्यासाठी उतरल्या दिवशीच कोणीतरी हाताला धरून सिलिंडर कोठे बंद होतो, मुख्य कळ कोठे आहे, हे दाखवावे. वळिवड्याच्या बायांना आपली भाषा येत नव्हती, आणि गोदामातील त्या म्हातारीलाही.

दुसरी सूचना वादाची आहे. धर्मशाळेच्या दोन खोल्या, घरदार सोडून यावे लागलेल्या कोणत्याही कुटुंबासाठी, धर्म न विचारता, राखून ठेवाव्यात. झरीला कोण येणार, असे काही विश्वस्तांनी मला विचारले. २०२० च्या टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि ८ मे रोजी त्यांतील सोळा जण मालगाडीखाली गेले. ते निर्वासित नव्हते. आपल्याच देशाचे नागरिक होते. त्या दिवसांत आपल्या धर्मशाळेलाही कुलूप होते. जगात आज स्थिती अशी की, २०२४ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने घरातून हुसकावल्या गेलेल्या माणसांची संख्या १२ कोटी ३२ लाख सांगितली. महाराष्ट्राच्या लोकसंख्येएवढी माणसे घराबाहेर आहेत, असे म्हणता येईल.

कायद्याची अडचणही सांगितली गेली, आणि ती खोटी नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. परदेशी व्यक्ती उतरली तर तिची माहिती मुदतीत अधिकाऱ्यांना कळवावी लागते. ती आपण कळवावी. लपवून ठेवण्याची गोष्ट मी सांगत नाही. नोंदवही नीट ठेवावी, पोलीस ठाण्याला आधीच भेटून यावे, आणि त्या कुटुंबाचे कागद ठेवण्यासाठी कार्यालयातील लोखंडी कपाटात एक खण द्यावा, ज्याची किल्ली त्यांच्याकडे असेल. शाकाहाराचा आणि निर्व्यसनाचा नियम आपला आहे तो राहील. तो कोणाला जाच वाटू नये, म्हणून भोजनालयाचे जेवण त्यांना विनामूल्य द्यावे. आपल्या समाजाला हे काम नवीन नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलालजी मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांत धर्म कोणी विचारला नव्हता.

दोन्ही सूचनांचा मसुदा मी सचिव महोदयांकडे दिला आहे. येत्या रविवारच्या बैठकीत तो चर्चेला येईल. पहिल्या सूचनेला विरोध होईल असे वाटत नाही. दुसरीला होईल, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनी बैठकीपूर्वी एकदा माझ्याबरोबर धर्मशाळेत रात्री दहानंतर, फाटकाला कुलूप लागल्यावर, आतल्या बाजूला उभे राहून पाहावे अशी माझी नम्र विनंती आहे. किल्ली मी रखवालदाराकडून घेऊन ठेवीन.

जय जिनेंद्र.